आठव्या नंबरची टीम आणि माझं तोंड

कॉलेजच्या फुटबॉलमध्ये शेवटच्या आठ टीम कशा निवडाव्यात आणि कुणाला कुणासमोर उभं करावं, ह्यावर माझं एक मत आहे. ते मला कुणी विचारलेलं नाही. मागच्या सीझनला मी ते न विचारता जाऊन सांगितलं, तर पोरीची आत आलेली टीम बाहेर पडायची वेळ आली. तरीपण मत आहे म्हणजे आहे. माझ्यासारख्या माणसाकडं दुसरं असतंय काय.

आता तुम्ही म्हणाल, तुझं शिक्षण किती? तर चौथी. तीपण दोनदा. पण कॉलेजं म्हणाल तर दुबई-शारजातली पाच कॉलेजं मी आतनं बघितलीत. आतनं म्हणजे छतातनं. माझं एसीच्या डक्टचं काम आहे. थंड हवा खोल्याखोल्यांत नेणारे ते पत्र्याचे बोगदे असतात ना, ते आम्ही बनवतो आणि नेऊन बसवतो. खाली प्रोफेसर शिकवायलेत, वर मी पोटावर पालथा, तोंडात चार स्क्रू. असं वरनं ऐकून ऐकून माझं इंग्लिश एका वाक्याचं झालंय, "एनी क्वेश्चन्स?" तेवढं मी एकदम साहेबासारखं म्हणतो. समोरच्यानं खरंच काय विचारलं की पळतो.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात माझं वर्कशॉप आहे. सात माणसं, दोन मशीन, एक गाडी. सगळ्यात जुना माणूस म्हणजे आमचा फोरमन, सांगलीकडचा. मला शेठ म्हणतो आणि माझं एक ऐकत नाही. घरी बायको आणि एक पोरगी. पोरगी इथंच जन्मली, इथंच वाढली, आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमधनं येतं. मी मराठीत रागवायचं, तिनं इंग्लिशमध्ये ओके म्हणायचं, आणि दोघांनी आपापल्या मनात समजायचं की आपण जिंकलो.

ही पोरगी कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर आहे. आणि कॅप्टन. ती कॅप्टन झाली त्या दिवशी मी दुबईच्या करामा भागात एका दुकानात भाजी घ्यायला गेलो होतो. शेजारी एक अनोळखी माणूस कोथिंबीर निवडत होता, त्याला मी सगळं सांगितलं. किती मुलींतनं निवडली, कोच काय म्हणाले, हात किती लांब आहेत. तो कोथिंबिरीची जुडी हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, "भाईसाब, मैंने तो कुछ पूछा भी नहीं था."

आमचं गाव कोल्हापूरपासनं तासाभरावर. कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि फुटबॉल, दोन्हीचं वेड. तिकडं पेठेपेठेच्या टीम असतात, आणि मॅचच्या दिवशी सख्खे मेव्हणे एकमेकांशी बोलत नाहीत. मी फुटबॉल कधी खेळलो नाही, बघितला. बघणाऱ्याला खेळणाऱ्यापेक्षा जास्त कळतं, हे सगळ्यांना मान्य आहे, खेळणारे सोडून. कुस्ती मात्र मी केली. दोन वर्षं तालमीत होतो. वस्ताद म्हणजे तालमीचे गुरू, ते म्हणायचे, ह्याला म्हशीचं दूध पाजलं, तर अंग म्हशीचं झालं आणि डाव पण म्हशीएवढेच आले. जत्रेतल्या मैदानात सगळ्यात आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, बक्षीस म्हणजे मूठभर रेवड्या. मी अंगानं मोठा झालो तरी रेवड्यांच्याच कुस्त्या खेळत होतो. त्यातल्याही हरलो. रेवड्या जिंकलेल्या पोराकडनं मागून खाल्ल्या.

हे सांगायचं कारण, पुढचा सगळा घोटाळा ह्या कुस्तीनंच केला.

पोरीच्या पहिल्या मॅचला मी फोरमनला आणि दोन माणसांना घेऊन गेलो. फोरमननं वर्कशॉपमधनं पत्र्याचा एक तुकडा आणलेला. पोरीनं पहिला बॉल अडवल्याबरोबर त्यानं त्याच्यावर हलगीचा ठेका धरला. इकडं मी ओरडायलोय, "धर त्याला, सोडू नको, धर!" मॅच थांबली. रेफरी आले, सिक्युरिटी आली, पत्रा जप्त झाला. रात्री जेवताना पोरगी म्हणाली, "पप्पा, यू कॅन कम. बट साइलेंट." तेव्हापासनं मी ग्राउंडच्या लांबच्या कोपऱ्यात, बायकोच्या ताब्यात बसतो.

आता सिलेक्शनचं. एकूण दहा कॉलेजं होती. सगळ्यांनी सारख्या मॅच खेळायच्या असं ठरलेलं, पण कुणाच्या परीक्षा मध्ये आल्या, कुणाचं ग्राउंड दुरुस्तीला गेलं, एकदा वाळूचं वादळ आलं. कुणी सहा मॅच खेळलं, कुणी पाच, आमच्या पोरी चारच. मग नुसते पॉइंट मोजून कसं चालेल? म्हणून तीन टीचर लोकांची कमिटी. त्यांनी बसून दहातल्या आठ टीम निवडायच्या आणि त्यांना एक ते आठ नंबर द्यायचे. पहिल्या नंबरची मॅच आठव्याशी, दुसऱ्याची सातव्याशी, असं. हरला तो घरी. ह्या नंबर देण्याला सीडिंग म्हणतात. आम्ही शेतात बी पेरायचो ते वेगळं.

बुधवारी दुपारी लिस्ट आली. आमच्या पोरी आत होत्या. आठव्या नंबरला. आणि पहिल्या नंबरला अबुधाबीकडचं एक मोठं कॉलेज, ज्यांनी अख्ख्या सीझनमध्ये एक गोल खाल्लेला नाही.

मी वर्कशॉपमध्ये पत्रा कापत होतो, तो वाकडा कापला. फोरमनला म्हटलं, "आमच्या पोरींनी चारातल्या तीन जिंकल्या. आणि जी टीम सहातल्या तीन जिंकली तिला पाचवा नंबर. मला सांग, एक मेकॅनिक चार एसी उघडतो आणि तीन चालू करतो. दुसरा सहा उघडतो, तीन चालू करतो आणि बाकीचे तीन तसेच उघडे टाकून चहाला जातो. गिऱ्हाईक कुणाला बोलवंल?"

फोरमन म्हणाला, "शेठ, आपल्याला बोलवत्यात की. आपण सहा उघडून दोन करतो."

"इथं पोरीचं चाललंय."

"मग पोरीला विचारा, तिचं काय म्हणणं आहे."

हा सल्ला मी घेतला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. विचारलं मी संध्याकाळी, नाही असं नाही. ती गुडघ्याला बर्फ लावून मोबाइलवर कसलीतरी मॅच बघत होती. म्हटलं, "आठवा नंबर दिला तुम्हाला."

"इट्स फाइन, पप्पा."

"फाइन कसं? चारात तीन..."

"वी आर इन. दॅट्स ऑल." आणि परत मोबाइलमध्ये.

मला वाटलं, पोरगी मनातल्या मनात कुढायलीय. बापाला सांगत नाही. आता बापानंच काहीतरी केलं पाहिजे.

आमच्याकडच्या कुस्ती मैदानात काय असतं, तर जोड लावताना पंच बघतात की दोन्ही पैलवान तोलामोलाचे आहेत का. उंची बघतात, मान बघतात, दंडाला हात लावून बघतात. सारख्याला सारखा. मोठ्या पैलवानासमोर बारका उभा करणं म्हणजे पंचांची बेअब्रू. आणि समजा पंचांनी अशी जोड लावलीच, तर त्या बारक्याचा वस्ताद सरळ आखाड्यात उतरतो आणि म्हणतो, "ही जोड होत नाही. माझं पोरगं अजून कच्चं आहे." त्यात कमीपणा नसतो. उलट लोक म्हणतात, वस्ताद जाणता आहे. पंच दुसरी जोड बघतात, हलगी वाजत राहते, कुणाचं काही बिघडत नाही.

आणि हे सीडिंगवाले काय करायलेत, तर मुद्दाम ठरवून पहिल्यासमोर आठवा. मी आयुष्यभर जे बघितलं त्याच्या बरोबर उलटं. माझी खात्री झाली की ह्या लोकांना कुणी सांगितलेलं नाही.

गुरुवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी कमिटीच्या हेड मॅडमकडं गेलो. मॅडम लखनौकडच्या, बोलायला एकदम गोड, आणि त्यांच्या ऑफिसचा डक्ट मीच बसवलेला. आत गेलो तर मॅडम शाल गुंडाळून बसलेल्या. म्हणाल्या, "ये एसी किसने लगाया है पता नहीं, कुल्फी जम जाती है." मी म्हटलं, आजकाल कामगार चांगले मिळत नाहीत मॅडम.

मग मुद्द्यावर आलो. माझ्या हिंदीत सगळं सांगितलं, चारात तीन, सहात तीन, एसी, चहा. मॅडम ऐकत होत्या. तिथंच उठलो असतो तर बरं होतं. पण मी बोलायला लागलो की उतारावरच्या गाडीसारखा, ब्रेक आहे, पण पाय तिथं जात नाही. मी उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "मॅडम, ये जोड नहीं होती. हमारी लडकियां अभी कच्ची हैं. एक नंबर के सामने नहीं खेलेंगी."

मॅडमनी पेन काढला. "ये आप टीम की तरफ से बोल रहे हैं?"

आता बघा. मी साधा बाप. मला त्या टीमनं मागच्या कोपऱ्यात गप्प बसायच्या अटीवर आत घेतलेला. पण डोळ्यासमोर लाल माती, पंच, भरलेलं मैदान, आणि मध्ये मी, फेटा बांधलेला. मी म्हणालो, "हां जी. टीम की तरफ से."

मॅडमनी लिहून घेतलं. मी जिन्यावरनं उतरताना इतका ताठ चालत होतो की शेवटची पायरी दिसली नाही.

संध्याकाळी सात वाजता घरी आलो. बायकोनं दार उघडलं आणि बाजूला झाली. असं ती पाहुणे आले की होते, किंवा वादळ. पोरगी टेबलाशी बसली होती, समोर लॅपटॉप. कमिटीची मेल कोचला आलेली, कोचनी कॅप्टनला पाठवलेली. तिनं मला वाचून दाखवली आणि पहिल्यांदाच प्रत्येक वाक्याचं मराठी करून सांगितलं. आपल्या टीमच्या वतीनं कळवण्यात आलंय, की टीम पहिल्या नंबरशी खेळायला तयार नाही. तसं असेल तर तुमची जागा नवव्या टीमला देण्यात येईल. उद्या सकाळी अकराच्या आत नक्की काय ते कळवा.

मी म्हटलं, "मी असं कुठं म्हणालो? मी फक्त दुसरी जोड लावा म्हणालो."

"दुसरी जोड नसते पप्पा. एकच लिस्ट असते. आत नाहीतर बाहेर."

ती मराठीत बोलायली होती. प्रकरण किती मोठं आहे ते मला तिथं कळलं.

"तुम्ही त्यांना सांगितलं, आम्ही वीक आहे."

"वीक नाही म्हणालो. कच्च्या म्हणालो. कच्चं म्हणजे आज नाही, उद्या..."

"मी कच्ची आहे?"

आमच्या तालमीत हा शब्द मायेचा होता. त्या टेबलावर तो मायेचा राहिला नाही. मी बायकोकडं बघितलं. ती पोळपाटावर पीठ पसरत म्हणाली, "माझ्याकडं काय बघताय? तुम्हाला वस्ताद कुणी केलं?"

पोरीनं बॅगेतनं एक वही काढून टेबलावर ठेवली. मग तिनं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. बुधवारी संध्याकाळी ती मोबाइलवर बघत होती ती मॅच पहिल्या नंबरवाल्यांची होती. त्यांच्या सगळ्या मॅच तिनं जमवलेल्या. कुठली मुलगी कुठल्या पायानं मारते, पेनल्टी कुणीकडं मारतात, सगळं वहीत लिहिलेलं, चित्रं काढून. लिस्ट यायच्या आधीच टीमला अंदाज होता की आपण आठव्या येणार. आठ दिवस त्या पोरी फक्त ह्या एका मॅचची तयारी करायल्या होत्या. मग ती इंग्लिश-मराठी मिसळून मला समजावायला लागली, की ती टीम सगळ्यांना हरवून पहिली आलीय, तर पहिली मॅच सोपी मिळणं हा त्यांचा हक्क आहे, त्यांनी तो कमावलाय. "अँड अवर जॉब इज, ती सोपी होऊ द्यायची नाही."

मी वही बघत होतो. वाचता काही येत नव्हतं, पण बाणांवरनं कळत होतं. आमचे वस्ताद राखेत बोटानं रेघा मारून असेच डाव दाखवायचे. माझी पोरगी कच्ची नव्हती. कच्चा कोण होता ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. बायकोनं लाटणं पण त्याच दिशेला धरलं होतं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"टुमॉरो यू विल कम विथ मी. अँड यू विल से, तुम्ही टीमकडनं बोलला नव्हता."

शुक्रवारी सकाळी दहाला आम्ही तिथं होतो. ह्या वेळी तिघं बसलेले. लखनौच्या मॅडम शाल घेऊन, एक जॉर्डनचे सर, आणि एक गोऱ्या मॅडम. म्हणजे हिंदीवर भागणार नव्हतं. मी बोलायचं आणि पोरीनं इंग्लिश करायचं असं ठरलं. मी खरं बोलायचं ठरवूनच गेलो होतो. तालमीपासनं सुरुवात केली. वस्ताद, जोड, रेवड्या, माझी म्हस, सगळं आलं. सांगितलं की टीमनं मला पाठवलं नव्हतं, पोरीला ठाऊकपण नव्हतं, मी खोटं बोललो, मला कुणी वस्ताद केलेलं नाही, बायकोला विचारा. पाच मिनिटं तरी बोललो असेन. पोरगी हात मागं बांधून उभी होती. माझं झाल्यावर ती एक वाक्य बोलली आणि थांबली.

मी हळूच विचारलं, "काय सांगितलंस?"

"दॅट यू आर सॉरी."

"आणि बाकीचं?"

"दॅट वॉज द बाकीचं."

लखनौच्या मॅडमना माझं मराठी बऱ्यापैकी कळलेलं असावं, कारण त्यांनी शालीत तोंड लपवलं होतं. त्यांनी पोरीला विचारलं, टीम खेळणार का? पोरगी म्हणाली, "येस मॅम. वी आर प्लेइंग." एवढंच. मोठा आवाज नाही, काही नाही. मी तिच्याकडं खालनं वर बघितलं. माझ्यापेक्षा चार बोटं उंच झालीय हे मला त्या दिवशी त्या खोलीत दिसलं.

जॉर्डनच्या सरांनी मात्र मला सोडलं नाही. मॅडमनी लिहून घेतलेला कागद त्यांच्यासमोर होता. त्यांनी बोटानं विचारलं, हे चारात तीन आणि सहात तीन म्हणजे काय? मी पोरीकडं बघितलं. मला वाटलं, आता ही म्हणेल, सोडा सर. पण तिनं माझा मेकॅनिकचा दाखला पहिल्यापासनं शेवटपर्यंत इंग्लिशमध्ये सांगितला. चहासकट. सर खुर्चीत मागं टेकून हसले. मग म्हणाले, "हबीबी, यू आर राइट. बट लिस्ट इज खलास. नेक्स्ट इयर, इन्शाल्ला, एव्हरीबडी सेम नंबर ऑफ मॅचेस." मग पोरीला विचारलं, तुला काय वाटतं, आठवा नंबर चुकीचा आहे?

ती म्हणाली, "माय फादर थिंक्स सो, सर. आय थिंक ही इज राइट. बट वी विल टेक एट."

मला ते वाक्य पूर्ण कळलं. छतातनं ऐकलेलं इंग्लिश कामाला आलं. ही इज राइट. तीन टीचर लोकांसमोर. चौथी नापास बापाबद्दल. मी खिशातनं रुमाल काढला आणि त्याच्यात स्क्रू निघाला.

जाता जाता मी स्टुलावर चढून मॅडमच्या ऑफिसातली हवा कमी करून दिली. मॅडम म्हणाल्या, "आपको कैसे पता कहां से होता है?" पोरगी लगेच म्हणाली, "ही इन्स्टॉल्ड इट, मॅम." सगळं लपवता येतं, पण पोरगी सोबत असताना नाही.

शनिवारी दुपारी चार वाजता मॅच. मी माझ्या कोपऱ्यात, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला फोरमन, त्याचे खिसे बायकोनं आधीच तपासलेले. पहिल्या नंबरवाल्यांकडं दोन बस भरून लोक, मोठा ढोल. दहाव्या मिनिटाला त्यांनी गोल मारला. कोपऱ्यातनं आलेला बॉल, गर्दीतनं पाय, आणि आत. मला वाटलं, झालं, आता मोजत बसायचं.

पण नंतर गोल झाला नाही. डावीकडनं आल्या, पोरीनं अडवला. लांबनं मारला, बोटांच्या टोकानं वरनं काढला. एकदा त्यांची नऊ नंबरची मुलगी एकटी बॉल घेऊन आली, समोर फक्त माझी पोरगी. पोरगी जागेवर थांबली नाही, पुढं पळत गेली, मुलीनं उजवा पाय उचलायच्या आधी ती उजवीकडं पडलेली होती. वहीत हेच बाण होते. फोरमननं माझा गुडघा इतका दाबला की मला तालमीत हरलेल्या रेवड्या आठवल्या.

हाफटाइमला आमच्या टीमची एक उंच मुलगी पळत आमच्या कोपऱ्यात आली. पहिल्या नंबरवाल्यांच्या ढोलानं पोरींना एकमेकींचं काही ऐकू येत नव्हतं, मन खचायला लागलं होतं. ती मला म्हणाली, "अंकल, कॅप्टन सेज यू कॅन शाउट नाउ."

मी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "जावा."

मी गोलच्या मागं जाऊन उभा राहिलो. तीस वर्षांचं साठलेलं ओरडलो. आता ओरडतानासुद्धा मी मीच. एकदा त्यांची मुलगी बॉल मारायला पाय मागं नेते आणि मी जोशात ओरडतोय, "मार!" पोरीनं बॉल अडवला आणि वळून म्हणाली, "पप्पा, अवर साइड." मग त्यांना पेनल्टी मिळाली. मी डोळे झाकून घेतले, त्यामुळं तिनं ती पेनल्टी कशी अडवली हे मी बघितलेलं नाही. गोलच्या मागं आठ पावलांवर उभा राहून बघितलेलं नाही. फोरमननं नंतर मला चार वेळा करून दाखवलं, दरवेळी वेगळ्या बाजूला पडून.

शेवटच्या मिनिटांत आमच्या उंच मुलीचं हेडर खांबाला लागलं. तेवढंच. एक-शून्यनं हरलो.

पोरी ग्राउंडवर बसल्या. मी पाण्याची पेटी घेऊन गेलो. आमची पोरगी ग्लोव्हज काढत होती, नाक लाल झालेलं. म्हणाली, "वन गोल, पप्पा." मी तोंड उघडलं, पण ओरडून घसा बसलेला, नुसती हवा आली.

तेवढ्यात पहिल्या नंबरवाल्यांचे कोच आमच्या कोचकडं आले. मला वाटलं, हात मिळवायला आले असतील. त्यांनी विचारलं, आमची सेमीफायनल पुढच्या शनिवारी आहे, त्याच्या आधी तुमची टीम आमच्याशी एक प्रॅक्टिस मॅच खेळेल का? अख्ख्या सीझनमध्ये आमच्या मुलींना एवढा त्रास कुणी दिलेला नाही. आमच्या कोचनी कॅप्टनकडं बघितलं. पोरीनं नाक पुसलं आणि म्हणाली, "येस. व्हेन?"

मंगळवारी कॉलेजची बस मोकळी नव्हती. मी ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरची मिनीबस मागून आणली आणि चालवायला बसलो. तेरा पोरी, त्यांचे कोच, आणि स्टिअरिंगवर मी. अबुधाबीचा रस्ता सरळ आहे, बोलायला एकदम चांगला. पण मी ठरवून तोंड बंद ठेवलं होतं. मागं पोरींचं जोरात चाललेलं, सेमीफायनलला कोण जिंकणार, तिसऱ्या नंबरवाल्यांना तिसरा नंबर कशाला दिला, पाचव्या नंबरचं काय झालं. पाचव्या नंबरचं म्हणजे सहात तीन. ते लोक चार गोलनी हरलेले. माझी जीभ दातांत वळवळत होती. मी रस्त्यावरचे बोर्ड वाचत राहिलो, म्हणजे आकडे तेवढे.

मग मागनं पोरगी पुढं येऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसली. मग वळून मागच्यांना म्हणाली, "गाइज, माय डॅड हॅज अ थिअरी अबाउट सीडिंग." आणि मला म्हणाली, "सांगा पप्पा. मी ट्रान्सलेट करते. सगळं करते."

मी आरशात बघितलं. बारा पोरी आणि एक कोच माझ्या डोक्याकडं बघत होते. मी गाडी मधल्या लेनमध्ये घेतली, घसा साफ केला आणि पहिल्या एसीपासनं सुरुवात केली.